पूजेच्या ताटातली पिन

चाक वाजायला लागलं ते घट बसायच्या तीन दिवस आधी. मागचं, उजवं. गाडी वेगात असली की काही नाही. पण शाळेच्या फाट्यावर वळायला हळू केली की खर्र, खर्र असा आवाज यायचा, जात्यात खडा आल्यासारखा. माझा स्वभाव मुळातच काळजीचा. दुसऱ्याला नुसता आवाज ऐकू येतो, मला त्याच्या पुढचं सगळं दिसायला लागतं. चाक निखळलंय, मी तुरीच्या शेतात आडवी पडलेय आणि गावातली माणसं भोवती उभी राहून 'एकटी कायले हिंडते ही बाई' म्हणताहेत. आठवडाभर मी मान उजवीकडे कलती ठेवून गाडी चालवली. शेवटी वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मान धरली का तुमची?"

गाडी म्हणजे माझी तीनचाकी. पुढून मोटरसायकल, मागं एक आडवा आस आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. मी दोन वर्षांची असताना पोलिओनं माझा डावा पाय नेला, म्हणून गिअर आणि ब्रेक सगळे हातात आणून दिलेले. मी ज्या गावात शिकवते ते दिग्रसपासून बरंच आत आहे. सकाळी एक बस जाते आणि ती पोचेपर्यंत पोरांची प्रार्थना होऊन हजेरीसुद्धा झालेली असते. तेव्हा ही गाडी आहे म्हणून नोकरी आहे, आणि नोकरी आहे म्हणून मला कुणाच्या दारात 'जरा सोडता का' म्हणत उभं राहावं लागत नाही. लहानपणापासून मला एकाच प्रश्नाची चीड आहे. 'हिला कोण नेणार?' लग्न असो, जत्रा असो, कुणाची मयत असो, आधी हा प्रश्न यायचा आणि मग माझं नाव.

तो प्रश्न बंद केला बाबांनी. बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. नोकरी लागली तेव्हा मला ही गाडी त्यांनी वेल्डरच्या डोक्यावर बसून बांधून घेतली, आणि तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी घरात अजून डेपोचाच कायदा चालतो. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, त्यामुळे तो सगळा माझ्यावरच चालतो.

त्यातला सगळ्यात कडक कायदा नवमीचा. खंडेनवमीच्या संध्याकाळी हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडायची, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी अक्षता टाकून ताट हलवेपर्यंत त्यातला साधा पेचकससुद्धा उचलायचा नाही. हत्यारांची ती वर्षातली एकच सुट्टी. डेपोत असताना बस वाटेत बंद पडल्याचा निरोप आला तरी बाबा त्या दिवशी पान्याला शिवायचे नाहीत म्हणे. साहेबांना स्वतः हात काळे करावे लागले होते. त्या ताटात पाने, पकड, हातोडा यांच्यासोबत माझा खडूचा डबा असतो आणि माझी जुनी कुबडीही असते. शाळकरी वयात मला त्या कुबडीची लाज वाटायची. बाबा म्हणाले होते, "लाज कायची? ज्यानं पोट चालते, पाय चालते, ते हत्यारच."

तर आवाजाचं मी त्यांना सांगितलं. आठ दिवस का नाही सांगितलं, तर त्याचंही कारण आहे. श्रावणात एकदा त्यांनी चहा केला आणि गॅस तसाच चालू ठेवून पाराच्या बाजूला निघून गेले. पातेलं जळून काळं झालं. मी शाळेतून आले ती तशीच ओरडले, "घर जाळता का आता?" ते दोन दिवस नीट जेवले नाहीत आणि त्यानंतर स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही मला विचारून यायला लागले. आज कोणता वार, हे तर दिवसातून चारदा विचारायचे. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढायचाच. पोरांना पाढे चाळीसदा सांगताना माझं काही जात नाही, पण बापाला वार तीनदा सांगताना तोंडाचा पट्टा सुटतो. आपल्याच माणसावर आपण असे का चिडतो कोण जाणे.

त्यांचे हात मात्र अजून पूर्वीचेच होते. निदान मी तसं धरून चालले होते. ते हातही विसरले तर काय, हा विचार मी मनात येऊ देत नव्हते.

नवमीला सुट्टी होती. सकाळीच बाबांनी अंगणात पेपर पसरला. स्टँडजवळच्या गॅरेजवाल्याकडून, जो तरुणपणी त्यांच्याच हाताखाली शिकला आणि अजून त्यांना उस्ताद म्हणतो, त्यांनी नवं बेअरिंग आणि दोन नव्या पिना आणून ठेवल्या होत्या. पिन म्हणजे बोटाएवढी, केसाच्या आकड्यासारखी दुमडलेली लोखंडी तार. चाक आसावर एका मोठ्या नटनं बसतं, आणि तो नट चालता-चालता सैल होऊ नये म्हणून नटच्या खाचेतून ही पिन आरपार घालून तिची टोकं वाकवतात. वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नाही, दरवेळी नवी. आणि दरवेळी दोन आणायच्या. "एक लावाले, एक हरवाले," असं बाबा म्हणत. पिनेचं महत्त्व त्यांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. "माणसाले आपल्या गाडीच्या पुढं आपलंच चाक पयताना दिसते ना, तवा समजते पिन काय असते."

पुढच्या चाकाला वीट लावली. बाबांनी चाकाच्या मधली टोपी पेचकसानं उचकटली, जुनी पिन सरळ करून ओढून काढली, ती पेपरच्या डाव्या टोकाला टोपीजवळ ठेवली आणि नवी पिन तिच्या शेजारी. ही त्यांची पद्धत. जे जसं निघेल तसं डावीकडून उजवीकडे मांडत जायचं, आणि बसवताना उजवीकडून डावीकडे यायचं. मधे काही उरलं तर काम चुकलं.

नट काही केल्या हलेना. बाबांनी पान्याला लांब पाइप लावला आणि त्यावर उभे राहून दोन उड्या मारल्या. पूर्वी एका उडीत काम व्हायचं. आता अंगात वजनच राहिलेलं नाही. पाइप नुसता झुलला. मी म्हटलं, "उतरा बाबा, पडाल." मग मी खुर्चीवरून सरकत त्या पाइपच्या टोकावर जाऊन बसले. कटकन आवाज आला आणि मी खाली. बाबा पोट धरून हसले. "इतके वर्स पोळ्या चारल्या, आज कामी आल्या."

पुढचा एक तास मी जीव मुठीत धरून काढला. जॅकवर उचललेली गाडी, आसाखाली विटांची थप्पी, आणि त्याच्या बाजूला उकिडवे बसलेले माझे बाबा. चाक ब्रेकला घट्ट धरून बसलं होतं. ते लाकडी हातोड्यानं चारी बाजूंनी हलके-हलके ठोकत होते, आणि प्रत्येक ठोक्याला ती विटांची थप्पी किंचित हलत होती, की मला तसं वाटत होतं. "हात काढा तिथून." "बाबा, पाय मागं घ्या." "जॅक सरकून राह्यला का?" शेवटी ते वैतागले. "तू शाळा घेऊन राह्यली का इथं? जाय, चहा मांड."

चाक निघालं. बेअरिंग ठोकून काढलं. हातात फिरवलं तर ते खर्र वाजलं. चोर सापडला म्हणून मला बरं वाटलं. नवं बेअरिंग ग्रीस भरून बसवलं, चाक चढलं, वॉशर आला, नट आला. पुन्हा मी पाइपवर बसले आणि नट आवळला गेला. तेवढ्यात माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. दुपार टळून गेली होती, हत्यारं धुवायची, पूजा मांडायची, आणि चहा तर केव्हाचा गार होऊन गेलेला. मी आत जाऊन आवाज दिला, थोडा चढाच, "बाबा, या आता आधी! किती वेळा गरम करू तो चहा?"

ते आले. चहा प्यायले. मग परत जाऊन टोपी ठोकली, पेपर गोळा केला आणि हत्यारं धुवायला बसले.

दसऱ्याच्या सकाळी मी ताटातली फुलं बदलत होते. पाने ओळीनं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं, झेंडू, माझी कुबडी. आणि दहा-अकराच्या पान्याखाली, हळद लागलेली, एक नवी कोरी पिन. तिचे दोन्ही पाय सरळ होते.

मी स्वतःला समजावलं, अगं, दोन होत्या ना. एक लावाले, एक हरवाले. ही हरवायची. पण काळजीखोर माणसाला असं समजावून भागत नाही. चाकावर टोपी होती, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. टोपी काढायला पेचकस हवा, आणि तो ताटात. आणि संध्याकाळी सीमोल्लंघन होतं. दरवर्षी मी गाडी चालवते, बाबा मागं बसतात, आणि आम्ही नाक्यापुढच्या नाल्याचा पूल ओलांडून सोनं देऊन-घेऊन येतो. त्या पुलावर बारा महिने ट्रकांची रांग असते.

मी परसात जाऊन गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याच्याकडेही त्या दिवशी पान्यांना हार घातलेले असतात. ही शिकवण त्यानं उस्तादांकडूनच उचललेली. त्याला विचारलं, पिना किती दिल्या होत्या?

"दो, बाई. उस्ताद एक कभी नेतच नाई. काहून, काय झालं?"

"काई नाई."

तो म्हणाला, "मी येऊ का?"

"नको. त्यांना समजंल."

"तो फिर गाडी मत निकालो, बाई."

दुसरी पिन शोधायला मला फार वेळ लागला नाही. आदल्या दिवशी घातलेला बाबांचा सदरा मोरीत बादलीवर पडला होता. वरच्या खिशात हात घातला आणि ती बोटाला टोचली. म्हणजे दोन्ही नव्या पिना घरात, आणि आसात एकही नाही.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. सरळ जाऊन सांगता आलं असतं. बाबा, पिन लावायची राहिली. चार शब्द. पण गॅसच्या चार शब्दांनंतर ते स्वयंपाकघरातून गेले होते. आता अंगणातूनही गेले तर त्यांच्याकडे राहील काय? गाडी काढायची नाही असं म्हणावं, तर का, ते सांगावं लागेल. पोट दुखतंय म्हणावं, तर उद्या शाळा आहेच. आणि ज्या हातांच्या भरवशावर मी इतकी वर्षं या रस्त्यानं एकटी गेले त्या हातांची मला भीती वाटत होती. हे स्वतःशी कबूल करताना मला रडूच आलं.

मग मी ठरवलं की पिन आपणच लावायची, गुपचूप.

पुरणपोळी खाऊन बाबा आडवे झाले. घोरणं ऐकू आल्यावर मी स्वयंपाकघरातून उलथनं घेतलं आणि पकडीच्या ऐवजी सांडशी. अंगणात गाडीपाशी जाऊन डाव्या पायाच्या कॅलिपरची, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या आधाराची, गुडघ्यापाशी असलेली कडी सोडली, सीटला धरून हळूहळू खाली बसले. असं जमिनीवर बसणं मला सोपं, उठणं महाकठीण. पण त्या वेळी उठण्याचा विचार केला नाही. उलथन्याचं टोक टोपीखाली घालून रेटलं. उलथनं वाकलं. दुसऱ्या बाजूनं रेटलं. ते आणखी वाकलं. टोपी जागची हलली नाही. बाबांनी ठोकलेली होती ती.

"काय करून राह्यली वो तू?"

दारात बाबा उभे. बनियनवर, डोळ्यांत झोप. मी म्हटलं, "काई नाई. ग्रीस बाहेर आलं का, ते पाह्यत होती."

त्यांनी वाकडं झालेलं उलथनं पाहिलं, सांडशी पाहिली. मग माझी डावी मूठ पाहिली. ती मी इतकी घट्ट आवळली होती की न विचारता कुणालाही कळलं असतं, आत काहीतरी आहे. मी मूठ उघडली.

बाबा आत गेले. मला वाटलं, झालं, आता खाटेवर पडतील आणि भिंतीकडे तोंड करतील. मी उठायची धडपड करत होते तोवर ते परत आले. हातात पेचकस आणि पकड, दोन्हीवर हळदीकुंकू तसंच. ताट अजून हलवलं नव्हतं, अक्षता टाकल्या नव्हत्या. माझ्या आयुष्यात त्यांनी पूजेतलं हत्यार उचललेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी दोन ठोक्यांत टोपी काढली. आत काळ्या ग्रीसमध्ये नट, आणि नटच्या खाचेत रिकामं भोक. बाबांनी त्यावर बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"लावलीच नाई म्या."

"मीच आवाज देल्ता तुमाले मंधातच," मी घाईघाईनं म्हटलं. "चहासाठी. माह्यीच चूक हाय."

"डेपोत तं दिवसभर आवाज देत लोकं," बाबा म्हणाले. "असं कधी झालं नाई."

ते माझ्यासमोर उकिडवे बसून होते आणि त्यांच्या बोटाला ग्रीस लागलं होतं. रस्त्यावरून पोरं आपट्याच्या फांद्या ओढत चालली होती. मग त्यांनी माझ्या तळहातावरची पिन उचलली, आपल्या बनियनला पुसली आणि परत माझ्याच हातात दिली.

"घे. तू लाव."

"मले नाई जमत बाबा."

"पोट्टेहो, जमत नाई म्हनू नका, असं तूच म्हनतं ना शाळेत? लाव. मी सांगतो."

पिन खाचेतून सरळ आत जात नाही. नट केसभर फिरवून भोक आणि खाच एका रेषेत आणावी लागते. माझ्या हातून ती दोनदा खाली पडली. बाबांनी हात पुढं केला नाही, हात मांडीखाली दाबून बसले. तिसऱ्यांदा गेली. मग एक पाय पकडीनं वर वाकवायचा, एक खाली. "दाब. आनखी दाब. आता हालवून पाह्य." मी हलवली. हलली नाही. टोपी मी ठोकली, वाकडीच बसली, पण बसली.

ते पुन्हा आत गेले आणि ताटातला माझा खडूचा डबा घेऊन आले. डेपोत काम करणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तपासणारा टायरवर खडूनं खूण करायचा, तेव्हाच गाडी फाटकाबाहेर. घरी इतकी वर्षं दोन्ही बाबाच होते, त्यामुळे खुणेची गरजच पडली नव्हती. त्यांनी खडू माझ्यापुढं धरला. मी टायरवर खूण केली, वहीत बरोबर उत्तराला करते तशी. त्यानंतर त्यांनी मला काखेत हात घालून उठवलं. दोघांनाही धाप लागली.

संध्याकाळी गाडीला हार घालून आम्ही निघालो. मागं बाबा, टोपी घालून, मांडीवर आपट्याची पानं. गल्लीच्या तोंडाशी आलो तसे ते म्हणाले, "पिन लावली ना वो?"

"लावली बाबा."

बाजारातल्या गर्दीत पुन्हा. "पिन?" "लावली." एरवी दुसऱ्या वेळेलाच माझं 'एकदा सांगतलं ना' निघालं असतं. ते जिभेवर आलंच नाही असं नाही; आलं आणि मी गिळलं. ते विसरून विचारत होते की डेपोतल्यासारखं खात्री करून घेत होते, मला समजत नव्हतं, आणि मागं वळून त्यांचा चेहरा पाहायची हिंमत होत नव्हती. कान मात्र चाकाकडे. चाक गप्प होतं.

नाल्याचा पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, उजव्या चाकाशी वाकले, टोपीला हात लावून गरम झाली का ते पाहिलं. मग त्यांचं बोट टायरवरच्या खुणेवर थांबलं. धुळीनं ती निम्मी पुसली होती.

"हे कोनं केलं?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून कशाचीच इतकी भीती वाटली नव्हती. "म्या केलं, बाबा."

"पिन पाह्यली तू आपल्या डोळ्यानं?"

"पाह्यली."

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांनी एक आपट्याचं पान चाकावर ठेवलं, एक माझ्या हातात दिलं, आणि मी नेहमीसारखी गाडीवर बसल्या बसल्याच वाकून त्यांच्या पाया पडले.

परत येताना त्यांनी पिनेचं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी गाडी हळू केली, मान मागं वळवली आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं, "लावली बाबा."